काकणाच्या आतून

बारावीच्या वर्गातून "पंखो बंद!" अशी आरोळी आली की स्टाफरूममधली निम्मी माणसं कपाळाला हात लावायची आणि उरलेली आपापला चहा खिडकीपासून लांब सरकवायची. सरांनी छत्री काढली, एवढाच त्याचा अर्थ होता.

तिला छत्री म्हणणं म्हणजे सौजन्य झालं. कापड आणि काड्या सरांनी कधीच काढून टाकल्या होत्या. उरला होता नुसता दांडा आणि मूठ. हा दांडा बारा महिने त्यांच्या काखेत असायचा. पेडण्याहून येणाऱ्या बसमधून ते भर आषाढात चिंब भिजून उतरायचे, हातात छत्री! कंडक्टर रोज तोंडावर हात ठेवून हसायचा. एकदा त्याने धीर करून विचारलं, "सर, कापड घालूक जायना?" सर म्हणाले, "कापड घातलां तर अक्ष दिसना." त्यानंतर कंडक्टरने त्यांना काही विचारलं नाही, आणि तिकीटही न बोलता द्यायला लागला.

ते शिकवायचे गणित, मीही गणित. ते निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, आणि मी वास्कोहून आलेली, दर जूनला नवा करार हातात घेणारी बाई. बारावीला एक धडा असतो. कागदावर एखादी वाकडी रेषा काढायची, ती एका सरळ रेषेभोवती गरकन फिरवायची, फिरताना तिने जेवढी जागा अडवली तो झाला घन, आणि मग इंटिग्रेशन करून त्याचं घनफळ काढायचं. मुलांना गणित येतं, पण ती फिरलेली वस्तू डोळ्यांसमोर येत नाही, अशी या धड्याची ख्याती आहे. सर त्या दांड्याला वरखाली दोन ठिकाणी तार बांधायचे, तार समईच्या कडेसारखी वाकवायचे, आणि दांडा दोन तळहातांत धरून ताक घुसळल्यासारखा फिरवायचे. तार दिसेनाशी व्हायची आणि हवेत एक धुरकट समई उभी राहायची. मुलं "आं" करून बघायची. मी शाळेत लागले त्या आठवड्यात त्यांनी ही समई पंख्याखाली उभी केली. तार पंख्यात अडकली, पंख्याने ती खिडकीतून बाहेर फेकली, आणि ती प्राचार्यांच्या नव्या गाडीवर जाऊन पडली. "पंखो बंद" ही आरोळी तेव्हापासूनची.

सरांना जगातल्या प्रत्येक गोष्टीत अक्ष दिसायचा, असा आमचा समज होता. बाजारात ते दुधी घ्यायला गेले की घ्यायच्या आधी तो दोन बोटांवर उभा धरून फिरवायचे. वाकडा निघाला की खाली ठेवायचे, दुसरा उचलायचे. एकदा सात दुधी झाल्यावर भाजीवालीचा संयम सुटला. "बाबा, तुका भाजी करूची आसा काय तेचां लगीन लावूचां आसा?" सर म्हणाले, "सरळ एक तरी दाखय." ती म्हणाली, "सरळ होयो तर दुधी नाका, नळ घे!" हा किस्सा त्यांनीच आम्हाला सांगितला, आणि शेवटी म्हणाले की बाईचं म्हणणं गणिताने बरोबर होतं.

मोरजीला सहल गेली तेव्हा किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची जागा कुंपण घालून राखलेली होती. सर कुंपणावर पोटावर वाकले आणि खिशातून दोरा काढला. राखणदार धावत आला. सर त्याला समजावत होते, "हात लावणंय नाय रे, फकत व्यास!" राखणदाराने त्यांना दंडाला धरून सगळ्या मुलींच्या देखत बसपर्यंत आणून सोडलं. वाटेत सर त्याला सांगत होते की माणसाला चेंडू करायला कारखाना लागतो आणि कासवीण तेच वाळूत बसून करते. राखणदारानेही मान डोलावली, पण दंड सोडला नाही.

माणसांनाही ते सोडायचे नाहीत. आमच्या प्राचार्यांचं पोट पुढे होतं. सर त्यांना कौतुकाने "पॅराबोला" म्हणायचे. स्वतःबद्दल म्हणायचे, "माका फिरयलो तर नळी. तीय बारीक." मला त्यांनी पहिल्याच दिवशी आपादमस्तक न्याहाळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नंतर कळलं की ते माझ्या हातातल्या स्टीलच्या डब्याकडे बघत होते.

आता माझं एक गुपित सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मी गणितात पहिल्या श्रेणीत पास झालेली, सहा वर्षं बारावीला शिकवलेली, आणि मला हा धडा दिसत नव्हता. अजिबात. सूत्र पाठ, पायऱ्या पाठ, उत्तर बरोबर. पण कागदावरची ती रेषा माझ्या डोक्यात कधी फिरलीच नाही. फळ्यावर ठोकळेबाज आकृती काढायची, "आता हे फिरवलं असं समजा" म्हणायचं आणि घाईने इंटिग्रेशनकडे वळायचं. मुलं समजायची किंवा समजल्यासारखं करायची. मीही तेच करत होते, फरक एवढाच की मला त्याचा पगार मिळायचा.

हे गुपित सरांनी एका काकणावरून उघड केलं. आमच्याकडे सकाळी सायकलवरून भोंपू वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. त्याच्या पाटीत चेंडूसारखे उंडे असतात, पोळ्या असतात, आणि बांगडीसारखी गोल, कडक काकणं असतात. सर रोज एक काकण घेऊन यायचे आणि चहात बुडवून खायचे. त्या दिवशी त्यांनी ते माझ्यासमोर धरलं.

"गो बाय, ह्यां काकण कसां जालां, सांग बगू."

"भट्टीत," मी म्हटलं.

"तां पोदेराक विचारीन. तू गणिताची. खंयची आकृती, खंयच्या अक्षाभोवतीं?"

मी क्षणभर हवेत बघितलं. हवेत काहीच नव्हतं. "अर्धवर्तुळ," मी ठासून म्हटलं, "एक्स-अक्षाभोवती."

अर्धवर्तुळ त्याच्या व्यासाभोवती फिरवलं की चेंडू होतो. म्हणजे उंडा. हे सूत्र म्हणून मला झोपेतही सांगता आलं असतं. काकणाला मधे भोक असतं, म्हणजे अख्खं वर्तुळ आणि त्याच्यापासून लांबवर उभा असलेला अक्ष. सरांनी काकण चहात बुडवलं, सावकाश संपवलं, मिशी पुसली आणि उठून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडले, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

त्याच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. कुणा दानशूर माणसाने शाळेला वीस टॅबलेट दिले, आणि पणजीहून पत्र आलं की शिक्षक कायम करण्यासाठी समिती येणार, उमेदवाराचा एक तास बघणार. जागा एक. मी नाही झाले तर त्या जागेवर दुसरं कुणी येणार आणि मी वास्कोला परत जाऊन घरच्या ओट्यावर शिकवण्या घेणार. प्राचार्यांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. "बाई, तुम्ही तो फिरणारा धडा घ्या, टॅबलेटवर. समिती खूश होईल." मला नाही म्हणता येईना. खरं कारण सांगितलं असतं तर नोकरी तिथेच संपली असती.

त्या टॅबलेटमध्ये एक करामत होती. ठराविक काळ्या-पांढऱ्या नक्षीचा छापील कागद बाकावर ठेवायचा आणि टॅबलेटचा कॅमेरा त्याच्यावर धरायचा. पडद्यावर आपलंच बाक दिसायचं, आणि त्या बाकावर रेषा फिरून तयार झालेला घन उभा राहायचा. टॅबलेट घेऊन त्याच्याभोवती चालता यायचं, वरून बघता यायचं, कापून आत डोकावता यायचं. ऑगमेंटेड रिअॅलिटी म्हणतात त्याला. मी मनात म्हटलं, हे तर सरांनी छत्रीच्या दांड्यावर केव्हाच केलंय, पंखा सोडून.

सर त्या टॅबलेटचा रागराग करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. एकदा मधल्या सुट्टीत शिपाई पळत आला, "सरांक कितें तरी जालां!" आम्ही वर्गाच्या दारातून बघितलं. रिकाम्या वर्गात सर टॅबलेट तोंडासमोर धरून एका रिकाम्या बाकाभोवती फिरत होते. मधेच गुडघ्यावर बसले, मान वाकडी केली, बाकाच्या वरच्या हवेत डोकं घातलं. मग तसेच, डोकं हवेत घालून, कितीतरी वेळ बसून राहिले. आम्ही खूप हसलो. प्राचार्य म्हणाले, "दोन वर्षं राहिली आहेत, कशीबशी काढू."

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "तुझी स्कूटर काढ. दिवचलेक जावया." म्हणजे डिचोलीला. ते माझ्यामागे बायकांसारखे एका बाजूला पाय सोडून बसले, मांडीवर छत्रीचा दांडा आडवा. रस्त्यावरची प्रत्येक गाडी त्या दांड्याला घाबरून बाजूला होत होती. डिचोलीजवळ एका म्हाताऱ्या कुंभाराकडे त्यांनी मला चाकापुढे बसवलं. मी साडीचा काष्टा मारला, हात गाऱ्यात घातले, आणि तीन मडकी एकामागून एक कोसळवली. कुंभार पोट धरून हसला. मग जवळ येऊन म्हणाला, "बाये, तू हात कित्याक हालयतां? चाक फिरतां मगे. तुजो हात उबो रवूंदे. हाताची बोटां जशीं, तशें मडकें."

चौथ्या वेळी मी हात हलवला नाही. बोटांना बाक देऊन तसाच धरला. चाक फिरलं आणि त्या बाकाचं, अगदी त्याच बाकाचं, मडकं माझ्या हातातून वर आलं. माझा हात म्हणजेच कागदावरची रेषा! सहा वर्षं मी रेषा फिरवायला बघत होते. ती एका जागी धरून जग तिच्यापुढून जाऊ द्यायचं, एवढंच होतं. मी ओरडलेच. सर पडवीत बसून काकण खात होते. "दिसलां?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं. तेव्हा मला वाटलं तो अभिमान होता.

समिती दसऱ्यानंतर दोन दिवसांनी यायची होती. दसऱ्याला आमच्या शाळेत हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे प्रयोगशाळेतले तराजू, संगणक, शिपायाचा कोयता आणि घंटेचा हातोडा. त्या वर्षी टॅबलेटही मांडले. मी पहाटे डोक्यावरून पाणी घेऊन आले होते. नोकरीचा प्रश्न होता, देवाच्या बाबतीत काटकसर करून चालणार नव्हतं. मी प्रत्येक टॅबलेटला झेंडूचं फूल वाहिलं, आणि ते नक्षीचे वीसच्या वीस कागद पुढे मांडून त्यांच्यावर ठसठशीत हळदकुंकू लावलं. कोपऱ्यात नाही, बरोबर मधोमध. वर अक्षता. मग ते भक्तिभावाने कपाटात ठेवून दिले.

ज्यांना अजून उलगडा झाला नसेल त्यांच्यासाठी: टॅबलेटला ती काळी-पांढरी नक्षी ओळखायची असते. तिच्या मधोमध लाल-पिवळा डाग पडला की त्याला काहीच ओळखू येत नाही.

समितीत तिघं होते. अध्यक्ष एक बाई, कडक कॉटनची साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी प्रस्तावना केली, कागद वाटले, म्हटलं, "आता कॅमेरा धरा." मुलांनी धरला. समितीने धरला. वीस पडद्यांवर वीस बाकं, आणि वीस बाकांवर हळदकुंकू. बाकी काही नाही.

"बाई, आकृती कुठाय?" अध्यक्षांनी विचारलं.

मी पदराने कुंकू पुसायला गेले. ते सगळ्या कागदभर पसरलं. माझे हात लाल झाले, पदर लाल झाला. एका सदस्याने घड्याळ बघितलं. दारात उभे असलेले प्राचार्य भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोकडे बघायला लागले. मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तिथे सर बसले होते, मांडीवर दांडा. मला वाटलं, आता उठतील, "पंखो बंद" म्हणतील आणि मला वाचवतील.

सरांनी हात वर केला. विद्यार्थी करतात तसा, एक बोट. आणि म्हणाले, "बाई, माका दिसना."

मुलं फिदीफिदी हसली. मला सरांचा असा राग आला की काही विचारू नका. बुडणाऱ्याला हात द्यायचा की वर पाय द्यायचा? ते पुन्हा म्हणाले, तितक्याच शांतपणे, "माका दिसना. दाखय."

मी माझ्या लाल हातांकडे बघितलं. चार दिवसांपूर्वी त्यांना गारा लागलेला होता. हात उबो रवूंदे. पण इथे चाक कुठलं? आणि मग मला सुचलं, कारण गणेशचवथ होऊन महिनाच झाला होता आणि सगळ्या मुलींच्या अंगात अजून तिची फुगडी होती. पहिल्या बाकावर एक दांडगी मुलगी होती, फुगडीत सगळ्या वाड्याला दमवणारी.

"ये गं," मी म्हटलं. "बाकं सरकवा. पदर खोचते, थांब."

आधी मी एकटीने गिरकी घेतली, हात पसरून. "मधे भोक आहे?" "नाही!" मुलं ओरडली. मग तिचे हात माझ्या हातांत, आडवे गुंतवलेले, पाय जुळवलेले, अंगं मागे टाकलेली, आणि आम्ही फिरायला लागलो. समितीसमोर, भर वर्गात, फुगडी! "अक्ष कुठे?" मी फिरता फिरता ओरडले. "मधे!" "मधे कुणी आहे?" "नाही!" "मग मधे काय?" "भोक!" सगळा वर्ग ओरडला. "मोठ्या वर्तुळातून काय वजा करायचं?" "धाकटं वर्तुळ!" माझा अंबाडा सुटला. माझी एक चप्पल निघाली आणि घड्याळ बघणाऱ्या सदस्याच्या पायापाशी जाऊन थांबली. आम्ही थांबलो तेव्हा वर्ग अजून फिरत होता.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "आणि दोघी आणखी जवळ आलात तर?"

"भोक बारीक होतं, मॅडम," मी धापा टाकत म्हटलं.

"आणि आणखी?"

ती दांडगी मुलगी माझ्या आधी बोलली. "एकमेकींच्या आंगांत शिरलों तर उंडो जातलो, मॅडम!"

अध्यक्ष हसल्या. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. महिन्याभराने ते मला वाचायला मिळालं: तंत्रज्ञानाचा वापर, शून्य. विषय, मुलांना दिसला. खाली मला कायम केल्याचा शेरा.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी दुपारचं. सर स्टाफरूममध्ये एकटेच होते, चहात काकण बुडवत. मी दुसऱ्या पायात चप्पल घालत म्हटलं, "सर, तुम्ही तर नाटकात पाहिजे होतात. 'माका दिसना'! माझा जीव गेला होता."

"खंयचां नाटक?"

"तेच. दिसत नाही म्हणून."

त्यांनी काकण खाली ठेवलं. "माका खरांच दिसना गो."

मी हसले. ते हसले नाहीत.

"कागदावयली रेघ माज्या डोक्यात केन्ना फिरूंक ना. कॉलेजांत पाठ केलां, पास जालंय, नोकरी लागली. पयल्या वर्सा वर्गात हुबो रवलंय आनी घामान भिजलंय. मगे छत्री घेतली."

"मुलांसाठी."

"पोरांक दिसतां," सर म्हणाले. "तांकां छत्री कित्याक?"

दुधी, कासवाची अंडी, प्राचार्यांचं पोट, रोजचं काकण. सगळी शाळा तीस वर्षं ज्याला वेड म्हणून हसली, तो एक माणूस आपल्याला न दिसणारी वस्तू हाताने चाचपत होता. आणि कुंभाराच्या पडवीतली ती नजर अभिमानाची नव्हती. त्यांना माझा हेवा वाटला होता. मला फार फार वाईट वाटलं, आणि माझ्या हसण्याची लाज वाटली.

"मग त्या दिवशी वर्गात," मी विचारलं, "टॅबलेट घेऊन बाकाभोवती..."

सरांचा चेहरा उजळला. "पडद्यार काकण लावलेलां. आनी मी भितर गेलंय, बाय. तेच्या पोटात. भितरसून गोल दिसता. सगळ्या बाजूंनी गोल!" त्यांनी हातातल्या काकणाच्या भोकातून माझ्याकडे बघितलं. "तीस वर्सां शिकयलां, आनी आता बगलां."

मग त्यांनी ते काकण चहात बुडवून खाऊन टाकलं.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल आणि नारळ मिळाला. नारळ त्यांनी व्यासपीठावरच्या टेबलावर फिरवून बघितला, आणि प्राचार्यांना "बरो आसा" म्हणून सांगितलं. जाताना छत्रीचा दांडा माझ्या खुर्चीला अडकवून गेले. टॅबलेट अजून चालतात. कागद नवे छापलेत आणि दसऱ्याला मी त्यांना लांबूनच नमस्कार करते.

दरवर्षी तो धडा आला की मी फळ्याकडे वळायच्या आधी मुलांना सांगते, "हे मला सहा वर्षं दिसत नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला दिसत नाही?" आधी कुणी हलत नाही. मग शेवटच्या बाकावरून एक बोट वर येतं, मग दुसरं, आणि थोड्या वेळाने निम्मा वर्ग. मी दांडा त्यातल्या पहिल्या बोटाच्या हातात देते आणि सांगते, आधी पंखा बंद कर.